लेण्यात पाहुण्यांचं आगमन

आमच्याकडच्या लग्नात नवरदेवापेक्षा माइकवाला जास्त वेळ उभा असतो. सनई थांबली की तो सुरू होतो, "पिंपळवंडीचे माजी उपसरपंच यांचं आगमन झालेलं आहे, त्यांनी स्थानापन्न व्हावं." या कामात तालुक्यात एक नंबरचा माणूस म्हणजे कुंडलिक, माझे वडील. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. माझ्या लग्नातही माइक त्यांनीच धरला आणि पाहुणे पुकारता पुकारता मुहूर्त पाऊण तासानं टळला. सासरचे अजून तो विषय काढतात.

मी शाळेत इतिहास शिकवते. सातवाहनांच्या धड्याला मुलं जितक्या शिस्तीत झोपतात, तितक्या शिस्तीत घरीही झोपत नसतील. म्हणून जुन्नरजवळच्या लेण्यांत सनई वाजवून तास घ्यायचं मी ठरवलं. परवानगीसाठी चार महिने हेलपाटे घातले. शिक्षण खात्याचे साहेब बघायला येणार होते. त्यांना पटलं, तर असा तास तालुक्यातल्या सगळ्या शाळांना मिळणार होता. इतक्या मनापासून मी आजवर काही मागितलं नव्हतं.

सनईवाले चिमाजीमामा घोडेगावच्या वरच्या डोंगरातले. ते म्हणाले, "माइक कुंडलिकचाच पायजे. बाकीच्यांच्या माइकात सनई शिट्टीवानी वाजती."

झाली पंचाईत. मी आण्णांना बजावलं, "माइक लावायचा आणि गप बसायचं. चारचौघांत मला मॅडम म्हणायचं."

"बरं, मॅडम," ते म्हणाले. लागलं असणार, पण मी त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही.

मी आखलं होतं ते असं: सनई संपली की मिनिटभर शांतता, मग शिलालेखांतल्या दात्यांची यादी मी वाचणार. त्या शांततेत मुलांना दोन हजार वर्षं ऐकू येतील, असं मी अर्जात लिहिलं होतं. तासाच्या दिवशी लेण्यात सनई थांबली. पण सनई थांबल्यावर आण्णा तीस वर्षांत कधी गप बसलेले नाहीत. माइकपाशी ठेवलेली माझी यादी त्यांनी पाहुण्यांची समजून उचलली.

"धान्याच्या व्यापारी मंडळींचं आगमन झालेलं आहे. बांबूकाम करणारे कारागीर, तसेच कासार बांधव यांचंही मनःपूर्वक स्वागत. मागच्या मंडळींनी पुढं यावं."

साठ मुलांनी वळून पायऱ्यांकडे बघितलं. साहेबांनी तर शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून जागा केली. मला कड्यावरून उडी मारावीशी वाटली.

"कुणीच नाही आलं," हर्षाली नावाची मुलगी म्हणाली.

आण्णांनी यादी पुन्हा वाचली. कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याचं टाकं, तेही त्यात होतं. घोळ त्यांच्या लक्षात आला. पण माइकवाला चूक कबूल करत नसतो.

"आलेत की," ते म्हणाले. "तू जिथं बसलीस त्यो त्यांचाच आहेर हाय. कुनी लेनं दिलं, कुनी टाकं. भांडी मातर कुनीच दिली न्हाईत."

"मग नवरदेव कोण?"

"नवरदेव न्हाई. भिक्षू व्हते. पावसाळ्यात ऱ्हायला यायचे."

मुलं हसून लोळायची बाकी राहिली. चिमाजीमामाही चेकाळले. ते एकेका नावाला सनई वाजवू लागले आणि मुलं तो तो आहेर शोधत पळाली. टाकं सापडल्यावर त्यात वाकून सगळ्यांनी आपापली नावं पुकारली. मी शांतता मागायचा नाद सोडला.

"मंजूर," साहेब म्हणाले. "सगळ्या शाळांसाठी घ्या. आणि हे निवेदक न्यायचेच. तुमचे कोण?"

मी तोंड उघडायच्या आत आण्णाच म्हणाले, "कुनी न्हाई, सायेब. भाड्यानी आलोय."

मला हवं ते सगळं मिळालं होतं, आणि माझी मलाच लाज वाटली.

"वडील आहेत माझे," मी म्हणाले.

आण्णांच्या हातातला माइक चालूच होता, त्यामुळे ते पायथ्यापर्यंत ऐकू गेलं. साहेब त्यांच्याकडे बघत राहिले, मुलंही बघत राहिली. आण्णांनी माइक तोंडाशी नेला, आणि त्यांना एक शब्द सुचला नाही.