दोनशे अकरा नावे

कडेगावच्या हौसाबाईंनी तीस वर्षे घरोघर फिरून गावातल्या दोनशे अकरा सैनिकांची नावे जुन्या संगणकात उतरवली होती. तो संगणक जळाला. पेन ड्राइव्हवरची फाइल बचावली, पण नव्या संगणकावर ती उघडेना. उद्या पाथरवट स्मारकावर नावे कोरणार होता, आणि ती सांगणारी निम्मी माणसे आता हयात नव्हती.

“आवं आजी, ही फाइल उघडणारा जुना प्रोग्रॅम ह्याच्यावर चालतच न्हाई. द्या सोडून,” नातू ऋषिराज म्हणाला.

“सोडून द्यायला ती काय शिळी भाजी हाय? अंकिता, तुला काय जमतंय का बघ.”

“नव्या संगणकाच्या पोटात जुन्यासारखा संगणक उभा करता येईल, मग तो प्रोग्रॅम चालेल, आजी. पण प्रोग्रॅमची सीडी कुठली मिळायला?” नातसून म्हणाली.

हौसाबाईंनी देवघरातून सीडी आणली. दर खंडेनवमीला कोयत्या-विळ्यांशेजारी मांडून त्या तिची पूजा करत आणि सारे घर हसे. अंकिताने सीडीवरचे कुंकू पुसले, तासभर खटपट केली, आणि पडद्यावर पहिले नाव स्वच्छ उमटले.

हौसाबाई ताठ उभ्या राहिल्या.

“ऋषिराज, बसलास काय? ऊठ. आता मी नावं वाचणार हाय.”