माझ्यावरची खोटी पाटी

मित्रांनो, मी कॅस्पियन समुद्राच्या काठावरचा म्हातारा दीपस्तंभ. शाळेची मुलं मला बघायला येतात. मास्तर माझ्या दारावरची पितळी पाटी मोठ्याने वाचतात आणि मुलं टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या ऐकल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते आज सांगतो.

माझा दगड इथलाच, शिंपले दबून दबून तयार झालेला. कझाक पाथरवटांनी तो करवतीने कापला आणि उंटगाड्यांवरून या टेकाडावर आणला. खाली आठकोनी जोतं, वर निमुळता होत गेलेला मनोरा, पोटात शहाण्णव पायऱ्यांचा गोल जिना. माथ्यावर काचेच्या खोलीत, भिंगांच्या मधोमध रॉकेलचा दिवा. समुद्राच्या बाजूला भिंतीतून एक दगडी हात बाहेर काढला होता, त्याला घंटा टांगलेली. धुक्यात दिवा दिसत नाही. तेव्हा घंटाच कामाला यायची. कोळी माझं तोंडभरून कौतुक करायचे आणि मी आपला फुगून जायचो.

पण शिंपल्यांचा दगड मऊ असतो. खाऱ्या वाऱ्याने माझा तो हात आतून पोखरला होता. राखणदार इझबासारची बायको उल्तुगान हिच्या ते आधी लक्षात आलं. तपासणीला आलेल्या साहेबापुढे तिने दगडाची भुकटी मुठीत धरली.

"साहेब, हा दगड घंटा पेलायचा नाही."

"बाई, तुम्ही चहाचं बघा. मनोऱ्याचं आम्ही बघतो," साहेब हसत म्हणाला.

चहा पिऊन तो निघून गेला.

मार्चमधली सकाळ होती. इझबासार तेल आणायला गावात गेला होता आणि सात कोळी जाळी काढायला समुद्रात. बघता बघता धुकं उतरलं. उल्तुगानने वर जाऊन दिवा पेटवला, खाली येऊन घंटेची दोरी ओढली. चौथ्या टोल्याला माझा दगडी हात मोडला. घंटा खाली पडून फुटली.

माझ्यासमोर पाण्याखाली खडकांची रांग आहे. तिच्यापासून नावा वाचवायलाच मला बांधलं होतं. आणि मी नुसता उभा होतो.

उल्तुगान घराकडे धावली. चुलीवरच्या मोठ्या कढईतला रस्सा तिने तसाच ओतून दिला. कढई किनाऱ्यावर नेऊन तीन काठ्यांच्या तिकाटीला टांगली आणि हातोड्याने बडवायला लागली. दुपार कलली तरी ती थांबली नाही. हात सोलवटले, हातोड्याचा दांडा रक्ताने निसरडा झाला.

शेवटी धुक्यातून आवाज आला. नावेचा म्होरक्या कार्झाव थट्टा करत होता.

"वहिनी, जेवायला इतक्या जोरात बोलावतात होय?"

"मेल्यांनो, तुमच्यापायी जेवण सांडलं! आवाजाच्या रोखाने सरळ या! वळलात तर खडक आहेत!"

सातही जण आले. त्यांना मोजून झाल्यावर ती वाळूत बसली आणि रडली.

वर्षभराने पाटी लागली: 'या दीपस्तंभाने सात जीव वाचवले.' कार्झाव भांडला.

"दिवा आम्हाला दिसलाच नाही साहेब. आम्ही वहिनींच्या कढईच्या आवाजावर आलो."

"अहो, पाटीवर कढई शोभते का?" तोच साहेब म्हणाला.

उल्तुगान सगळ्यांना चहा देत होती. त्या धुक्याच्या दिवसानंतर तिची दोन बोटं कधी सरळ झाली नाहीत. कुणी विचारलंही नाही. आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर पाटी लागली तेव्हा मला आनंद झाला होता. माझ्या लाजेचं मूळ तेच आहे.

पुढे विजेचा दिवा आला. राखणदाराची गरज उरली नाही. निघायच्या दिवशी उल्तुगानने वाकड्या बोटांनी सगळी भिंगं पुसली. खाली आल्यावर माझ्या भिंतीवर तळवा टेकवला.

"येते रे म्हाताऱ्या. वाऱ्यापासून सांभाळून राहा."

ती माझी काळजी करत होती! मी तिला काय दिलं होतं? पुन्हा ती आली नाही. ती वारल्याची बातमी कोळ्यांच्या बोलण्यातून कळली.

तुमच्याही गावात नावाजलेली एखादी मोठी वास्तू असेल. तिला जपा, तिचा सुटलेला दगड वेळेवर बसवा. पण तिच्यासाठी कोणाचे हात झिजले, तेही विचारा. आणि ती माणसं हयात असतानाच त्यांच्या दारी जा. माझ्याकडून ते झालं नाही. मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत.