भुवयांवरचं उत्तर

थोरल्या बाईंच्या वर्गात प्रश्न विचारायचा अवकाश, की हातांचं रान उभं राहायचं. तोंडी उत्तरं फटाफट आणि बरोबर. तीच मुलं कागदावर मात्र सपशेल आपटत. गेल्या वर्षी मोठ्या शाळेत गेलेली तुकडी अपूर्णांकांच्या पहिल्याच चाचणीत तळाला गेली, हे बाईंच्या जिव्हारी लागलं होतं. यंदाची तुकडी दोन महिन्यांत जाणार. त्याआधी कारण सापडायला हवं होतं.

म्हणून तीन शाळांच्या शिक्षकांनी दर शनिवारी एकमेकांचे तास पाहायचं ठरवलं, तेव्हा पहिला तास बाईंनी स्वतःचा दिला. नियम एकच होता. पाहणाऱ्याने एकेक मूल निवडायचं, ते काय करतं तेवढंच टिपायचं, स्वतःचं मत घालायचं नाही.

तास संपल्यावर तिघं शिक्षकांच्या खोलीत चहा घेऊन बसली.

"तास झकास झाला," मोठ्या शाळेतले चष्मेवाले सर म्हणाले.

"सर, मत नको. नियम तुमचाच," तिसऱ्या शाळेतल्या धाकट्या बाई हसल्या.

"चुकलं बुवा! वाचतो. मागच्या बाकावरचा मुलगा. फळ्याकडे दोनदा पाहिलं. बाईंच्या तोंडाकडे अकरा वेळा."

धाकट्या बाई वही उघडून नुसत्याच बसल्या.

"वाचा ना. घशात काही अडकलं का?" थोरल्या बाई म्हणाल्या.

"खिडकीकडची, दोन रिबिनींची मुलगी. प्रश्न, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? मुलगी म्हणाली, 'एक चतु...' आणि थांबली. बाईंच्या भुवया खाली आल्या होत्या. मुलगी म्हणाली, एक तृतीयांश." त्यांनी वही मिटली. "मी तुमच्याकडे बघणार नव्हते हो. पण ती बघत होती, म्हणून माझी मान वळली."

थोरल्या बाईंचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "तीस वर्षं ह्याच भुवया घेऊन शिकवतेय मी. आता काय खुंटीला अडकवून येऊ?"

बाई कप विसळायला उठल्या. बेसिनवर हातभर आरसा होता. त्यात बघत त्या हळूच पुटपुटल्या, "एक चतुर्थांश मोठा." भुवया आपसूक खाली आल्या. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "मुलं गणित नाही, मलाच सोडवत होती."

पुढच्या शनिवारीही बाईंनी आपलाच तास मागून घेतला. कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या वाटल्या, तोच प्रश्न फळ्यावर लिहिला आणि वर्गाच्या मागे, मुलांच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या.

तीनच हात वर झाले. वर्ग इतका गप्प, की बाहेरचा नळ ठिबकताना ऐकू यावा. दोन पाहुण्यांसमोर वर्ग असा मुका! पुढे धावत जावं असं बाईंच्या पायांना वाटत होतं.

"एक चतुर्थांश," रिबिनींची मुलगी म्हणाली आणि गर्रकन मागे वळली.

बाईंनी हजेरीपट तोंडासमोर धरला.

"बाई, बरोबर का?"

"मला कशाला विचारतेस? पट्ट्या आहेत ना तुझ्याकडे?" हजेरीपट बोलला.

मुलं खुदखुदली. मुलगी वाट बघत राहिली. हजेरीपट काही हलेना. शेवटी तिने नाइलाजाने एक पट्टी वेडीवाकडी दुमडून तिचे तीन भाग केले, दुसरीचे चार, आणि दोन्हींचा एकेक तुकडा फाडून शेजारी शेजारी ठेवला. ओठ चावत बराच वेळ बघत बसली.

"ए," तिने शेजारणीला कोपर मारलं, "चाराचा तर लहान निघाला! जास्त भाग केले ना, म्हणून."

"दाखव," शेजारीण म्हणाली आणि स्वतःची पट्टी दुमडू लागली. मग तिच्या मागचा मुलगाही.

हजेरीपटामागे बाईंच्या भुवया पार कपाळात गेल्या होत्या. पण तिकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

धाकट्या बाईंनी वहीत लिहिलं : खिडकीकडची मुलगी. मागे एकदा पाहिलं. नंतर पट्ट्यांकडेच.