घडीचा कागद

घरात नवी वस्तू आली की खोका मी फोडायचा आणि खोक्यातला घडीचा कागद ताईने वाचायचा, अशी आमची लहानपणापासूनची वाटणी आहे. पंखा असो, इस्त्री असो, पायदुखीचं मलम असो, ताई तो कागद उलगडते, चष्मा वर सरकवते आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. खाली बारीक अक्षरात छापलेला कारखान्याचा पत्तासुद्धा. तोवर मी वस्तू चालू करून, बिघडवून, पुन्हा उघडून बसलेला असतो. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," हे तिने मला इतक्या वेळा ऐकवलंय, की माझ्या खऱ्या लग्नात तिने ते म्हटलं तेव्हा कुणी हसलंसुद्धा नाही.

मी संगणक दुरुस्त करतो. धूळ झटकणं, वायरी बदलणं, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद शिव्या देत बाहेर ओढणं, ही माझी कामं. त्यामुळे पाणीपुरवठा कार्यालयाच्या अधीक्षक बाईंनी "सोळा संगणकांवर ऑफिसचं सॉफ्टवेअर बसवून द्याल का?" असं विचारलं तेव्हा मी "त्यात काय एवढं!" म्हणालो. हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले की पुढे काहीतरी होतंच.

टंकलेखिकेच्या जागेसाठी परीक्षा होती. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक मजकूर टाइप करायचा, एक तक्ता करायचा, वेळ एक तास. परीक्षा देणाऱ्या सोळा जणांत माझी ताई होती. हे मी बाईंना आधीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "प्रश्नपत्रिका सीलबंद पाकिटात माझ्या कपाटात आहे. तुम्हाला फक्त सॉफ्टवेअर बसवायचंय. ते तरी बसवा."

आता ताईचं सांगतो. एके काळी ती एका कारखान्याच्या कचेरीत टाइप करायची, आणि साहेब तिने टाइप केलेल्या पत्रावर न वाचता सही करायचे. मग बाबा अंथरुणाला खिळले. ताईने नोकरी सोडली आणि नऊ वर्षं त्यांचं सगळं केलं. मी दर रविवारी फळं घेऊन जायचो आणि स्वतःला मोठा कर्तबगार मुलगा समजायचो. एकदा औषधांच्या दोन डब्यांतले कागद वाचून तिने डॉक्टरांना फोन लावला होता, की या दोन गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत असं यात लिहिलंय. डॉक्टरांनी एक गोळी लगेच बंद केली. त्या दिवशीही मी तिला "तू काय डॉक्टर आहेस का?" असंच म्हणालो होतो. ते आठवलं की मला अजून माझी लाज वाटते.

बाबा गेले, घर रिकामं झालं, आणि ताईने या जागेचा अर्ज भरला. वयाची अट पंचेचाळीस. परीक्षेच्या दिवशी पंचेचाळीस पूर्ण झालेली नसावीत, असा नियम. परीक्षा सत्तावीस तारखेला होती आणि ताईला पंचेचाळीस पूर्ण होणार होती तीस तारखेला. तीन दिवसांनी वाचली होती. परीक्षा एक आठवडा जरी पुढे गेली असती, तरी ताई कायमची बाद झाली असती.

सव्वीस तारखेला दुपारी मी पेनड्राइव्ह खिशात टाकून कार्यालयात गेलो आणि तिथेच पहिला घोटाळा दिसला. त्यांनी सोळा संगणक तीन वेळा तीन ठिकाणांहून घेतले होते. चार साधे, आपल्या नेहमीच्या ओळखीचे. त्यांवर फाइलवर दोनदा क्लिक केलं, 'पुढे, पुढे, पुढे' दाबत गेलो आणि अर्ध्या तासात काम संपलं. उरलेले बारा मात्र वेगळ्या सिस्टिमचे, आणि त्यांतही दोन तऱ्हा. सॉफ्टवेअर एकच, पण सहा जणांना ते डेब नावाच्या बांधणीत लागतं आणि सहा जणांना आरपीएम नावाच्या. औषध एकच, पण कुणाला गोळी चालते आणि कुणाला पातळच द्यावं लागतं, तसं. माझ्याकडे फक्त डेब होतं.

डेबवाल्या सहांवर फोल्डर उघडला तर आत चाळीसेक फाइली. सगळ्या एकदम बसवायची आज्ञा दिली, पडद्यावरून भराभरा ओळी धावल्या, आणि शेवटी काहीच नाही. मेनू उघडला, तर सॉफ्टवेअरचा पत्ता नाही. पुन्हा बसवलं. पुन्हा ओळी धावल्या, पुन्हा मेनू कोरा. एकेका संगणकावर मी ते चार-चार वेळा बसवलं. मग फाइलीच खराब आहेत असं ठरवलं, मग संगणकच भंगार आहेत असं ठरवलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण माझ्याकडे बघूनच सुचली असावी.

आरपीएमवाल्या सहांवर तर मी त्याहून मोठा पराक्रम केला. डेबची फाइल घेतली आणि तिच्या नावाच्या शेवटचं 'डेब' खोडून 'आरपीएम' लिहिलं. संगणकाने ती उघडलीसुद्धा नाही. मित्राला फोन केला तर तो हसून हसून खोकायला लागला. म्हणाला, "पाटी बदलून दुकान बदलतं का रे? आरपीएमची बांधणी वेगळी मिळते. ती नेटवरून उतरवून घे."

ती उतरवून घेऊन मी सत्तावीसला सकाळी साडेसातला हजर झालो. सहाही संगणकांवर ओळी धावल्या आणि सहाही मेनू कोरेच राहिले. आता बाराच्या बारा जणांनी एकजूट केली होती. साडेनऊ वाजले. बाहेरच्या व्हरांड्यात उमेदवार जमायला लागले. अधीक्षक बाई आल्या, सगळ्या पडद्यांवरून नजर फिरवली आणि टेबलावर एक टाइप केलेला कागद ठेवला. 'काही तांत्रिक कारणास्तव परीक्षा पुढे ढकलण्यात येत आहे.' खाली सहीची जागा मोकळी होती.

"साडेदहापर्यंत थांबते मी," त्या म्हणाल्या. "त्यानंतर सही करावी लागेल."

"बाई, चार संगणक तयार आहेत. चार-चार जणांना बसवलं तर?"

"मजकूर सगळ्यांना एकच आहे. पहिले चार बाहेर पडून दुसऱ्यांना सांगणार नाहीत कशावरून? एकाच वेळी सोळा जण, असा नियम आहे." त्यांनी चष्मा काढला. "मलाही वाईट वाटतं हो. पण मी काय करू?"

मी मान वळवली. खिडकीच्या गजांपलीकडे ताई उभी होती. इस्त्रीची साडी, हातात ओळखपत्राची पिशवी, बोटं हवेतल्या हवेत काहीतरी टाइप करत होती. माझा चेहरा बघून ती गजांपाशी आली.

"काय झालं रे?"

"काही नाही. तू तिकडे जाऊन बस."

"तुझे कान लाल झालेत. बाबांचा रेडिओ फोडलास तेव्हा असेच झाले होते."

मग मी तिला सगळं सांगून टाकलं. बसतंय पण दिसत नाहीये, बाईंनी कागदसुद्धा टाइप करून आणलाय, आणि हे सगळं माझ्यामुळे झालंय. तिने मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "त्याच्याबरोबर वाचायचा कागद नाही का आला?"

"असतो. एक फाइल असते. 'मला वाचा' असंच तिचं नाव असतं."

"मग?"

"कुणी वाचत नाही गं ती."

ताई माझ्याकडे नुसती बघत राहिली. नऊ वर्षांच्या औषधांच्या डब्या त्या नजरेत होत्या.

मी खिडकीजवळच्या संगणकावर ती फाइल उघडली. तेवढ्यात मागून बाईंचा आवाज आला, "उमेदवारांशी बोलता येणार नाही तुम्हाला!"

"बाई, परीक्षेचं काही बोलत नाहीये. सॉफ्टवेअरची माहिती वाचतोय."

बाईंनी क्षणभर विचार केला. "मग मोठ्याने वाचा. सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हणजे एकीलाच फायदा झाला असं कुणी म्हणायला नको."

आणि मी, ज्याने आयुष्यात मलमाचा कागद वाचला नाही, तो व्हरांड्यातल्या सोळा जणांना खणखणीत आवाजात 'मला वाचा' वाचून दाखवायला लागलो. इंग्रजीत होतं, मी मराठी करत सांगत होतो. कुणी हसलं, कुणी वही काढली. एका काकूंना ही तोंडी परीक्षाच वाटली आणि त्या पुटपुटत पाठ करायला लागल्या. परवान्याविषयी लिहिलं होतं, लागणाऱ्या जागेविषयी लिहिलं होतं. मी दोन ओळी गाळल्या.

"थांब," ताई म्हणाली. "मधलं खाल्लंस तू."

"तुला कसं कळलं?"

"'पाचवी पायरी' म्हणालास आणि एकदम 'सातवी'. सहावी कुठे गेली?"

मी सहावी वाचली. वाचता वाचता माझाच आवाज हळू झाला. 'फाइली बसवल्यावर सॉफ्टवेअर तुमच्या संगणकात असेल, परंतु मेनूत दिसणार नाही. त्यासाठी याच फोल्डरात आतल्या बाजूला असलेला वेगळा फोल्डर उघडावा आणि त्यातली फाइल बसवावी.'

काखेत कळसा आणि गावाला वळसा! कालपासून सॉफ्टवेअर आतच बसलं होतं. पाहुणा घरात येऊन बसलाय आणि मी दारात उभा राहून त्याची वाट बघतोय, असं चाललं होतं माझं. मी तो फोल्डर उघडला, फाइल बसवली, मेनू उघडला. होतं! क्लिक केलं आणि पांढरंशुभ्र कोरं पान पडद्यावर आलं. मी "आलं!" असं ओरडलो तेव्हा व्हरांड्यात टाळ्या पडल्या. काकूंनी तर दोन्ही हातांनी वाजवल्या आणि त्यांची वही खाली पडली.

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. डेबवाले सहा पंधरा मिनिटांत उरकले. आरपीएमवाल्यांच्या आतल्या फोल्डरात मात्र एकाऐवजी चार फाइली निघाल्या. माझा हात चारही निवडायला निघालाच होता.

"चारही टाकायच्या का, ते वाच आधी," गजांपलीकडून आवाज आला.

वाचलं. चारांतली फक्त एक, आपल्या सिस्टिमच्या नावाची. चारही टाकल्या तर गोंधळ होईल, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी एकच टाकली. दहा सव्वीसला शेवटचा, बारा नंबरचा संगणक उघडला. मी खुर्चीला पाठ टेकून बसलो.

बाईंनी तो टाइप केलेला कागद उचलला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर उमेदवारांचे आसनक्रमांक लिहायला घेतले. "मागची बाजू वाया कशाला घालवायची," त्या म्हणाल्या.

अकराला घंटा झाली. आता ताई आत आणि मी गजांबाहेर. तिला बारा नंबर मिळाला होता. कागद वाटले गेले आणि पंधरा जण तुटून पडले, खटाखट खटाखट. ताईने कागद हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि वाचायला लागली. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. ती कागदाच्या मागची बाजू वाचत होती. माझ्या तोंडाशी आलं होतं, "अगं, सुरू कर!" मी गज घट्ट धरले आणि तोंड मिटून ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी मध्ये न बोलता तिला पूर्ण वाचू दिलं.

मग तिने कागद खाली ठेवला, बोटं ठेवली, आणि तिचे हात चालायला लागले. नऊ वर्षं मध्ये गेली होती असं त्या हातांकडे बघून कुणी म्हटलं नसतं. मला रडू आलं. शिपाई म्हणाला, "काय हो, बरं नाही का?" मी म्हणालो, "मला अगदी बरं आहे."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मागच्या बाजूला लिहिलं होतं, तक्ता आधी करा, त्याला गुण जास्त. बऱ्याच जणांनी शेवटी घेतला. काकूंचा राहिलाच, बिचाऱ्या." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जेवलास का सकाळपासून?"

त्या दिवशी निघताना बाईंनी मला सांगितलं, की पुढच्या वेळी कुणालाही जमेल असं, हे सॉफ्टवेअर बसवायचं कसं ते मराठीत लिहून द्या. मी म्हणालो, लिहायचं काम माझं नाही, ताईचं. तिने त्याच संध्याकाळी लिहिलं. तीन तऱ्हांसाठी तीन भाग, प्रत्येकात पायऱ्या, आणि सहाव्या पायरीखाली दोन रेघा.

तो कागद परीक्षेच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेला आहे. गेल्या महिन्यात तीन नवीन संगणक आले, म्हणून मला बोलावणं आलं. मी पेनड्राइव्ह काढला आणि सवयीने खुर्चीत बसायला निघालो. भिंतीलगतच्या टेबलावरची टंकलेखिका मान वर न करता म्हणाली, "आधी कागद."

"अगं ताई, मला पाठ आहे तो."

"पाठ असू दे. वाच."

मी उभा राहिलो आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.