टीव्हीतली सासू

सकाळी उठल्या उठल्या रखमीच्या घरात तोंडाला तोंड लागलं. चुलीवर नागलीची आंबील रटरटत होती. रखमीनं ती वाडग्यात ओतली, फुंकर घातली आणि नातीला, जिवलीला, हाक मारली. तर सून गंगी मधे आडवी. तिच्या हातात स्टीलचा पेला, पेल्यात कोमट पाणी आणि त्यात ढवळलेली ती तपकिरी पावडर.

"पोरीचं पोट भरलंय," गंगी म्हणाली. "आता आंबील कुठं ओतशील, डोक्यावर?"

"पाण्यानं पोट भरतं काय गं? भरत असतं तर बेडकाचा हत्ती झाला असता."

"पाणी नाय ते. ताकद हाय त्यात."

"कोणी सांगितलं तुला?"

गंगीनं सासूकडं अशी नजर टाकली, जणू म्हातारीला चळ लागलाय. "तूच सांगितलंस. रोज सांगतेस. टीव्हीवर शिरेल लागली का सांगतेस."

"ती मी नाय."

"तोंड तुजं, लुगडं तुजं, हातावरचं गोंदण तुजं. मग कोण ती, तुजी सवत?"

सून सासूचं ऐकत नाही ही रड घरोघरची. इथं गाडं उलटंच होतं. गंगी सासूचा शब्द खाली पडू देत नव्हती, फक्त तिनं ऐकायला धरलेली सासू चुलीपाशी बसणारी नव्हती, टीव्हीतली होती. आणि ह्या दोन सासवांच्या ओढाताणीत जिवलीच्या हातापायाच्या काड्या होत चालल्या होत्या.

हे लचांड आलं कुठून, ते सांगतो.

गुजरातच्या हद्दीवरच्या वेवजी गावाच्या अलीकडं, सडकेपासून आत, टेकाडाच्या कुशीत रखमीचा पाडा. खाली भाताची खाचरं, वर उताराच्या वरकस जमिनीत नागली नि वरई. रखमी ह्या पाड्याची धवलेरी. म्हणजे लग्नात चौकापुढं बसून गाणं म्हणणारी बाई. इथं लग्नाला भट लागत नाही. सवासिनींनी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहिला, मधे देवी काढली आणि रखमीनं गळा लावला, की लागलं लग्न. तिनं म्हटलं नाही तर नवरा-नवरी जन्मभर एका चुलीवर जेवली तरी ती लागलेली नव्हेत. पाड्यातली निम्मी बिऱ्हाडं तिच्या गळ्यातून उभी राहिलेली. अशा बाईच्या शब्दाला वजन असायचंच.

शिमगा होऊन गेला आणि एक पांढरी गाडी पाड्यात आली. गाडीत छत्र्या, दिवे, कॅमेरा नि मुंबईची माणसं. त्यांना घेऊन आला होता डहाणूचा तुषार. पिच्चरवाल्यांना गावठी घरं आणि गावठी माणसं दाखवायची, हा त्याचा धंदा. रखमीच्या घराची भिंत त्यांना पसंत पडली, मग रखमी पसंत पडली. तिच्या हातात एक लाल झाकणाचा डबा दिला, मांडीवर जिवलीला बसवलं.

"आज्जी," तुषार म्हणाला, "नातीला काय भरवता ते सांगा. कॅमेऱ्याकडं बघून, हसत हसत. काहीही सांगा, मनातलं सांगा."

मनातलं सांग म्हटल्यावर रखमी कशाला मागं राहते? "रात्री पीठ भिजव," ती म्हणाली, "सकाळी ढवळून शिजव. चिमूटभर मीठ टाक. कोमट झाली का पोरीच्या तोंडात घाल. दात यायच्या आधी आंबील, दात पडल्यावर बी आंबील." आणि आपल्याच पडलेल्या दाताची फट दाखवून ती खुदकन हसली. सगळी माणसं खूश. तिला एक लुगडं दिलं, चहा पाजला, आणि गाडी धुरळा उडवत निघून गेली.

भाताच्या आवणीच्या दिवसांत ती जाहिरात लागली. रखमीचा लेक चैत्या उंबरगावला कारखान्यात जातो, त्यानं घरात टीव्ही नि छपरावर डिशची छत्री आणलेली. पाड्यातल्या बाया चिखलाचे पाय धुऊन संध्याकाळी तिथंच टेकायच्या. शिरेल थांबली आणि पडद्यावर रखमी आली. मांडीवर जिवली, हातात डबा, तोंडभर हसू. आणि आवाज? आवाज कुण्या शहरातल्या बाईचा, अगदी साखरेत घोळलेला. "आमच्या पाड्यात पिढ्यान्‌ पिढ्या ताकद आईच्या हातात. आता ती ह्या डब्यात. आज्जी सांगते, ऐका." पावडरीचं नाव मी सांगत नाही, फुकटात आणखी एक जाहिरात कशाला.

बाया खिदळल्या, टाळ्या पिटल्या. खोटं कशाला बोला, पहिले चार दिवस रखमीलाही बरं वाटलं. सडकेवरच्या दुकानदारानं ओळखलं, एसटीतल्या बाईनं जागा दिली. मग तिच्या ध्यानात आलं की दुकानदाराच्या दारात त्या पावडरीच्या पुड्यांच्या माळा लोंबतायत, आणि पाड्यातली एकेक बाई कनवटीचे पैसे काढून पुडी तोडून नेतेय. पुडी दुधात घालायची, पण दूध आणायचं कुठनं? म्हणून पाण्यात. पुडी पुरवायची, म्हणून जरा जरा. आणि गोड तोंडाला लागल्यावर पोरं कशाला आंबिलीला विचारतायत?

टीव्हीत तो डबा बोलायचा तरी किती तोंडांनी. पोरं शाळेतनं आली की त्यातनं एक वाघ उडी मारायचा आणि पुडीत वाघाचं चिकटचित्र आहे म्हणायचा. संध्याकाळी बायांना रखमी सांगायची. बातम्यांच्या वेळी चैत्या बसला, की कोणी सूटबूटवाला विचारायचा, तू बाप ना, मग पोराच्या ताकदीसाठी काय केलंस? चैत्या दिवसभर कारखान्यात राबून आलेला, मान खाली घालायचा. सकाळी गंगीच्या हातावर पुडीचे पैसे ठेवून जायचा.

अंगणवाडीच्या जयश्रीबाईनं जिवलीला काट्याच्या झोळीत घातलं आणि तिचा चेहरा पडला. "गंगी, पोर वजनाच्या तक्त्यात पिवळ्या पट्ट्यात गेली गं. अशीच उतरली तर लालमधे जाईल. आधी खायला घाल, ते पाणी बंद कर."

"बाई," गंगी शांतपणे म्हणाली, "तुमी टीव्हीत येत नाय."

रखमीनं ते ऐकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती दारोदार फिरली. गंगीच्या बापाला, सुकऱ्याला सांगितलं, बायांना सांगितलं, ते मी बोलली नाय, मी आंबिलीचं बोलली. बाया हो म्हणायच्या आणि एकमेकींकडं बघून हसायच्या. एकीनं तोंडावरच सांगितलं, "रखमीआई, डब्बेवाल्यानं आणखी पैसे दिले नाय म्हणून रुसलीस काय?"

तलासरीच्या बाजारात तिला तुषार दिसला. तिनं भर बाजारात त्याची बाही धरली. "माज्या तोंडात दुसऱ्याची जीभ कोणी घातली रे?"

"आज्जी, तसंच करतात. आवाज नंतर भरतात." तो मवाळ होता, वाईट नव्हता. "तुमची जाहिरात गावांसाठी. मुंबईत त्याच डब्याला पांढरा कोट घातलेली डॉक्टरीण ठेवलीय. शहरातली बाई आज्जीचं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकते. गावातली डॉक्टरला भिते, आज्जीचं ऐकते. ज्याला जे तोंड पटतं ते त्याला दाखवायचं."

"आणि आज्जी काय बोलली ते?"

"ते कोण विचारतं? तोंड लागतं फक्त. तुमच्या तोंडावर विश्वास बसतो, म्हणून तर निवडलं तुम्हाला."

रखमीनं त्याची बाही सोडली. आपलेच दात नि आपलेच ओठ, दाद मागायची कुणाकडं? बाजारहाट न करताच ती घरी आली.

भादव्यात ती लेकीकडं, शुक्रीकडं गेली. शुक्री वेवजीच्या पलीकडं, गुजरातेत दिलेली. तिथल्या टीव्हीतही रखमी होती आणि ती घडाघडा गुजराती बोलत होती. बाजारात भाव विचारण्यापुरतं सोडलं तर रखमीला गुजराती कुठलं यायला? म्हातारी हरखली. आता पुरावा मिळाला. दुसऱ्याच दिवशी ती परतली, चैत्याला सांगून गुजराती चॅनल लावलं आणि पाड्यातल्या बायांना बोलावून बसवलं. "बघा आता. ही बघा काय बोलते. मला येतं काय असलं बोलायला?"

बाया डोळे विस्फारून बघत राहिल्या. जाहिरात संपली. मग गंगीनं मोठ्या कौतुकानं म्हटलं, "आई, तुला गुजराती बी येतं? आणि आमाला कदी बोलली नाय."

त्या रात्री रखमी जेवली नाही. पिकतं तिथं विकत नाही हे तिला ठाऊक होतं. पण आपणच पिकवलेलं आपलं नाव आपल्यालाच विकत मिळू नये, हे तिला सोसेना. आणि जिवली तिच्या कुशीत शिरली तेव्हा तिच्या पाठीचा मणका न्‌ मणका हाताला लागला. म्हातारी पदर तोंडात धरून रडली.

भात झोडून झालं आणि लगीनसराई आली. पहिलंच लगीन गंगीच्या धाकट्या भावाचं, काकड्याचं. सुकऱ्याच्या अंगणात मांडव पडला, भिंतीवर चौक लिहून झाला. गंगी भावाच्या लग्नात नटूनथटून, कडेवर जिवली. पोर मान टाकून खांद्यावर पडलेली. नवरा-नवरी बसली, वऱ्हाड गोळा झालं. रखमी चौकापुढं बसली. सगळे तिच्या तोंडाकडं बघायला लागले.

रखमीनं पदरानं तोंड झाकून घेतलं.

"म्हण की रखमी," सुकऱ्या म्हणाला. "वेळ जाते."

"गळा नाय माज्याकडं," रखमी म्हणाली. "माजा गळा टीव्हीत गेला. टीव्ही आणा, इथं मांडा. ती रखमी म्हणंल गाणं. तिचंच ऐकता ना सगळे?"

मांडवात कुजबूज उठली. काकड्याचा दोस्त प्रवीण पुढं आला. "माज्या मोबाईलात तिचं गाणं हाय, मागच्या लग्नातलं. लावू काय?"

"गप रे," सुकऱ्या ओरडला. "देवी मोबाईलातनं येते काय? जितं तोंड लागतं." आणि रखमीपुढं उकिडवा बसून त्यानं हात जोडले. "बाय, असं नको करू. तू सोताच्या तोंडानं म्हटलं नाय तर पोरं लागतील कशी?"

"सोताच्या तोंडानं मी आवणीपासून बोलते, सुकऱ्या. तुज्या दारात येऊन बोलली. कोणी ऐकलं? लगीन लावायला माजं जितं तोंड पायजे आणि नात जगवायला टीव्हीतलं चालतं?" तिनं जिवलीकडं बोट केलं. "तुजी बी नात हाय ती. बघ तिच्याकडं. ह्या मांडवात सगळे पोटभर जेवतील आणि ती पोर उपाशी हाय. गोड पाणी पिऊन उपाशी हाय."

सुकऱ्यानं मान वळवून लेकीच्या खांद्यावरच्या पोरीकडं बघितलं. सगळ्या मांडवानं बघितलं. गंगीचा चेहरा आधी तापला, मग उतरला. चौकापुढं धवलेरी खोटं बोलत नाही, हे तिला आईच्या दुधासोबत मिळालेलं ज्ञान. ती दोन पावलं पुढं आली.

"आई, चौकावर हात ठेवून सांग. ती तू नव्हतीस?"

रखमीनं पिठाच्या रेघेला बोटं टेकवली. "तोंड माजं. बोलणं माजं नाय."

"मग आदी का नाय सांगितलंस?" गंगी म्हणाली आणि रडायला लागली.

रखमी सुनेकडं बघतच राहिली. तिला हसावं की हिच्या थोबाडीत द्यावी, कळेना. मग तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही, गळा खाकरला आणि गाणं धरलं. चिरका, फटीतनं वारा जाणारा, पण तिचा स्वतःचा आवाज. लगीन लागलं.

लगीन लागलं म्हणून सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी गंगीनं आपण होऊन आंबील शिजवली. सासूला विचारून पीठ भिजवलं होतं. जिवलीनं जिभेला लावली आणि थू केली. गूळ घातला, थू. लाडीगोडी लावून भरवली, रागावून भरवली, थू. पोरीला पेला हवा होता. जयश्रीबाई दोनदा येऊन गेली. लाल दूर नव्हतं.

संध्याकाळी टीव्ही लागला. रखमी वाडगं घेऊन पोरीला आळवत बसलेली. शिरेल थांबली आणि पडद्यावर ती लाल झाकणवाली रखमी आली. जिवलीनं मान उचलली. "आजी," ती टीव्हीला म्हणाली आणि खुशीनं तोंड उघडलं.

गंगीनं झटकन रिमोट उचलला. रखमीला वाटलं, आता ही बंद करते. गंगीनं बंद केलं नाही, आवाज तेवढा घालवला. पडद्यावर रखमीचे मुके ओठ हलत होते. उन्हाळ्यात त्या माणसांपुढं हलले होते तसेच, तेच शब्द.

"बोल, आई," गंगी म्हणाली. "बोल लवकर."

रखमी पोरीच्या मागं सरकली आणि त्या ओठांवर बोलायला लागली. "रात्री पीठ भिजव. सकाळी ढवळून शिजव. दात यायच्या आधी आंबील, दात पडल्यावर बी आंबील." जिवली टीव्हीकडं बघत होती. तिच्या उघड्या तोंडात गंगीनं घास सारला. पोरीनं गिळला. आणखी एक सारला, तोही गेला.

मग साबणाची जाहिरात लागली आणि पोरीनं तोंड मिटलं. रखमीनं वाडगं खाली ठेवलं.

"ठेवू नको," गंगी म्हणाली. "थोडं थांब. शिरेल संपायच्या आत तू परत येशील."