ताणाचे दिवस

सुचितानं पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टींना चित्रं काढली. दिल्लीच्या कॉमिक्समधल्या राक्षसांच्या दंडांवरच्या शिरा रंगवता रंगवता तिच्या मनगटाची पार वाट लागली. आता कुठे पुण्याच्या एका प्रकाशकानं तिचं स्वतःचं पहिलं कॉमिक घेतलं होतं. शब्द तिचे, चित्रं तिची आणि नायक तिचे बाबा. बाबा म्हणजे नत्थूजी, लोधीखेड्याच्या रस्त्यावर संत्र्याची अडीचशे झाडं सांभाळणारे आणि लेकीच्या चित्रांबद्दल आजवर चकार शब्द न काढलेले.

संध्याकाळपर्यंत पुस्तक छपाईला पाठवायचं होतं. त्याआधी बाबांनी एकदा पाहावं, असं तिला फार वाटत होतं. म्हणून ती सकाळच्या बसनं पांढुर्ण्याहून सौसरला माहेरी आली आणि चहासुद्धा न घेता तिनं टॅबलेट बाबांच्या मांडीवर ठेवला.

नत्थूजी चष्मा पुसून सावकाश बघत गेले. एकोणतिसाव्या पानावर थांबले. माना टाकलेली झाडं, भेगाळलेली जमीन आणि मधोमध गुडघ्यांवर बसून रडणारा माणूस.

"हा कोन रडून राह्यला?"

"तुमी."

"कायले?"

सुचिताचं तोंड एवढंसं झालं. तिनं काढला होता तो ताणावरचा बगीचा. पौषाच्या सुमारास संत्र्याचं पाणी महिनाभर तोडतात, झाड मलूल होतं, मग पाणी सोडलं की फुलांनी लगडतं. हे सौसरचं शेंबडं पोरही सांगेल. पण पुण्याच्या संपादक मानसीला वाटलं, दुष्काळ पडला. इथे शेतकरी रडायला हवा, असं तिनं फोनवर गहिवरून सांगितलं. शहरातल्या माणसांना शेतकरी रडतानाच बरा दिसतो, त्याला कोण काय करणार. आणि हातातोंडाशी आलेलं पुस्तक जाऊ नये म्हणून सुचितानं भेगाही काढून दिल्या आणि आसवंही.

तिनं सारं कबूल केलं. बाबा आता म्हणतील, मले यातून काढून टाक. आणि त्यांना काढलं तर पुस्तकात उरतं काय? पण नत्थूजी रागावले नाहीत. ताणाच्या दिवसांत आपण बगीच्यात जातच नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

"पाह्यवत नाई. गेलो त हात मोटरीच्या बटनाकडे जाते. अन् पानी देलं का बहार गेला."

मग स्क्रीनवरची नजर न काढता ते म्हणाले, "तुले नागपूरले शिकाले ठेवलं, तवाही दोन सालं तुया खोलीवर आलो नाई."

ती दोन वर्षं सुचिता विसरली नव्हती. मैत्रिणींचे बाप डबे घेऊन यायचे, तिचा कधी आला नाही. चित्रं शिकायला गेली म्हणून बाप रुसला, असं धरून ती इतकी वर्षं जगली होती.

"मले वाटलं, तुमाले राग आला."

"एक डाव आलो होतो. गल्लीतूनच पाह्यलं. तू वरच्या खिडकीत बसून कायतरी काढून राह्यली होती. भलती वाळली होती. वर आलो असतो त तुले घरी घेऊन आलो असतो."

सुचिता मोकळेपणी रडली. नत्थूजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक तिच्यापुढे धरलं आणि दुसरीकडे बघत बसले.

मग तिनं तिथेच, ओसरीवर बसून, रडणारा माणूस पुसला. भेगा पुसल्या. नत्थूजी खुर्ची ओढून शेजारी बसले. ताणावर पानं लोंबत नाहीत, आत वळतात, हे त्यांनी बोटानं दाखवलं, आणि एका झाडाची तर तीनदा दुरुस्ती करून घेतली. लेकीच्या चित्रात त्यांनी पहिल्यांदाच तोंड घातलं होतं. सुचिता मुद्दाम हळूहळू काम करत राहिली.

पुस्तक गेल्यावर मानसीचा फोन आला. पान सुरेख झालंय, पण झाडं अशी सुकून चाललीत आणि शेतकरी कुठेच नाही, वाचकांना तो निर्दय नाही का वाटणार?

"तो घरी बसलाय," सुचिता म्हणाली. "त्याचा जीव आहे ना त्या झाडांवर."