प्रार्थनाघराच्या पायरीखाली

योस्टाइननं बोटीचं इंजिन खाडीच्या तोंडाशीच बंद केलं आणि वल्ही बाहेर काढली, तेव्हा मी ओळखलं की आसलाउगचा निरोप त्याला पोचला आहे. एरवी पेंटेकॉस्टच्या सणाला, रविवारी, तो भोंगा वाजवत धक्क्याला लागतो. यंदा आला तो मांजराच्या पावलांनी. बोटीत सात-आठ पाहुणे, आणि नाळेवर, गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेले आनफिनबुवा.

बुवांचं काय सांगू! बाकीचे उपदेशक प्रवचन बोलतात, बुवा ते गातात. साधं बोलता बोलता वाक्य कधी सुरात शिरतं ते ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि कळतं तेव्हा आपले डोळे ओले झालेले असतात. आमच्या टेर्नवेर बेटावरचं प्रार्थनाघर वर्षातून एकदाच भरतं, ते बुवांसाठी. पेटी मी वाजवते, पायानं भाता मारायची. सारा हिवाळा, सूर्य उगवत नाही त्या दिवसांतसुद्धा, मी या एका रविवारावर काढते.

आणि यंदा गायचं नव्हतं.

धक्क्यावर आसलाउग उभी होती. निळा स्वेटर, नवऱ्याची जुनी विजार, डोक्याला फडकं. एप्रिलपासून हाच वेश, न धुतलेला. पाहुण्यांना आधी वास आला असणार, बाई नंतर दिसली असणार. पण आमच्याकडे समुद्रावरची एडर बदकं यायचे दिवस लागले की त्यांना राखणारीनं कपडे बदलायचे नसतात. पाखरू माणसाला त्याच्या कपड्यांवरून ओळखतं. दोरीवर धुणं घालायचं नाही, हातोडा मारायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. तेव्हा कुठे रानचं पाखरू येऊन माणसाच्या घराखाली अंडी घालतं आणि पिल्लं गेल्यावर आपली मऊ, रजईत भरायची पिसं मागे ठेवून जातं.

पूर्वी दारादारांत, होडीघरात, जिन्याखाली बदकं बसायची. मग पोहत पोहत मिंक आला. मुंगसाएवढं जनावर, पण त्यानं बेट रिकामं केलं. मिंक मारले गेले, तरी पाखरं परतली नाहीत. आसलाउग दर वसंतात शेवाळ वाळवून घरटी मांडायची आणि ती तशीच रिकामी राहायची. शेवटी तिच्या मुलानं, हावर्डनं, बूडो शहरात आपल्या घरात तिच्यासाठी खोली रंगवून घेतली. ठरलं असं, की यंदाही बेटावर पिल्लू निघालं नाही, तर ती घराला कुलूप लावून त्याच्याकडे जाईल. ती गेली की मी एकटी इथे काय करणार? पेटी वाजवून कुणाला ऐकवणार?

आणि मे महिन्यात एक मादी आली. एकच. तिच्यासाठी मांडलेली सगळी घरटी सोडून बसली कुठे, तर प्रार्थनाघराच्या पुढच्या पायरीखाली! जिथे पिल्लं वाढली तिथे मादी पुन्हा येते, लेकींनाही आणते. बिचकून उठली तर अंडी गार होतात, आणि ती मग कायमची जाते.

"आसलाउगमावशी," योस्टाइन कुजबुजला, "यांना पाखरं बघायचीत, गाणी ऐकायचीत आणि वल्ही मारत बेटाला फेरी घालायचीय. मी सांगितलं, यातलं काही जमेलसं वाटत नाही."

"मग आणलंस कशाला?"

"भाडं आधीच घेतलं होतं."

ओस्लोहून आलेल्या एका तरुण बाईचं जाकीट लालभडक होतं. आसलाउगनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे काढा."

"पण मला थंडी वाजेल."

"माझा दुसरा स्वेटर देते. माशांचा वास येईल. त्यानं आजवर कुणी मेलेलं नाही."

बुवा म्हणाले, "आसलाउग, आम्ही आपले होडीघरात बसतो. प्रार्थना काय, कुठेही होते."

"बाहेर राहिलात तर दहा जण दहा दिशांना भटकाल. आत बसा, एका जागी. मी रोज आत येऊन बसते, तिला पावलांची सवय आहे. फक्त सूर नको. आणि पुढच्या दारानं नको."

"मग कुठून?"

आसलाउगनं मागच्या खिडकीकडे बोट दाखवलं.

ऐंशीचे बुवा खिडकीतून आत गेले ते डोळे भरून पाहावं असं दृश्य होतं. योस्टाइननं खालून ढकललं, ओस्लोच्या बाईनं आतून ओढलं. मधेच अडकले तेव्हा बुवा हळूच म्हणाले, "स्वर्गाचं दार अरुंद आहे हे ठाऊक होतं. वॉफल थोडी कमी खायला हवी होती." हसू दाबता दाबता माझ्या पोटात दुखायला लागलं.

सगळे बाकांवर बसले. आसलाउग दाराशी, तिच्या नेहमीच्या जागी. बुवा पुढे उभे राहिले आणि पन्नास वर्षांच्या सवयीनं त्यांनी छातीभर श्वास घेतला. आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तो श्वास तसाच हळूहळू सोडला, हात जोडले आणि डोळे मिटले.

आणि इथे माझ्या पायानं दगा दिला. बुवांनी श्वास घेतला की मी भाता मारायचा, हे माझ्या पायाला इतक्या वर्षांत पाठ झालेलं. त्यात मनगट एका पट्टीवर पडलं. पेटीतून गाय हंबरावी तसा एक लांब, घोगरा सूर निघाला.

जमिनीखाली खडखड झाली. पंख लाकडाला घासल्याचा आवाज. आसलाउगचा चेहरा वाळलेल्या शेवाळासारखा राखाडी झाला. मी पट्ट्यांवरून हात उचलून छातीशी धरले होते. देवा, मनात म्हटलं, माझा पाय घे हवा तर, पण तिला बसू दे.

आसलाउग खाली वाकली आणि फळ्यांच्या फटीशी तोंड नेऊन, रोज बोलायची त्याच आवाजात बोलायला लागली. "काही नाही गं बाई. गुद्नी आहे ती. तिला अक्कल कधी होती? बैस. बैस हो, राणी."

खालून एक घुमणारा, मऊ आवाज आला. कूर्र. आणि त्याच्यामागून बारीक चिवचिव, एकात एक मिसळलेली.

"पिल्लं निघाली," आसलाउग म्हणाली. एवढंच. मग फटीला कान लावून ती तिथेच बसली.

"आजचं प्रवचन तळमजल्यावर चालू आहे," बुवा कुजबुजले. "ऐका."

आम्ही ऐकत बसलो. किती वेळ, देव जाणे. बाकावर कुणी हललं नाही. काही जणांचे ओठ हलत होते. चिवचिव थांबायची, पुन्हा सुरू व्हायची, मधेच ती आपल्या पिल्लांना काहीतरी सांगायची. मी आयुष्यात पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. त्या दिवशी मला गाण्याची उणीव भासली नाही, एवढं खरं.

मग योस्टाइन खिडकीपाशी कुजबुजला, "मावशी, कुरव जमलेत. छपरावर आहेत, आणि वरही घिरट्या घालतायत."

कुरव म्हणजे समुद्रावरचे पांढरे लुटारू, पिल्लं गिळणारे. आसलाउग झटकन उठली. पिल्लं रात्रीतच अंड्यांबाहेर येऊन सुकलेली असणार; मादी पायरीखालून बाहेर पडत होती, मागे पिल्लांची काळी ओळ. प्रार्थनाघरापासून पाण्यापर्यंत नुसतं उघडं गवत. पिल्लं एकदा घरट्यातून निघाली की परत फिरत नाहीत. पुढे समुद्र, आणि डोक्यावर चोची. पहिला कुरव खाली झेपावला.

"बुवा, आता गा!" आसलाउग ओरडली. वसंतात तिचा इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "गुद्नी, बघतेस काय! वाजव! या मेल्यांना हाकला!"

तिनं पुढचं दार उघडलं आणि ती ओळीच्या बरीच मागे, फडकं हलवत चालू लागली. निळा स्वेटर मादीच्या ओळखीचा होता. ती बिचकली नाही, फक्त पाय उचलले. बुवा दारात उभे राहिले आणि कोंडलेला सगळा श्वास त्यांनी सोडला. काय तो आवाज! मी भाता असा मारला की पेटीचा कुठलासा खिळा निघाला. पाहुण्यांना शब्द येत नव्हते, पण ते दाराबाहेर येऊन हात हलवत नुसते सुरात ओरडत होते, ओस्लोची बाई सगळ्यांत बेसूर आणि सगळ्यांत मोठ्यानं. कुरव वर उठले, चिडून किंचाळले, पण खाली येईनात.

एक पिल्लू मागे पडलं, गवतात उलटं झालं. आसलाउगनं ते ओंजळीत उचललं, किनाऱ्यापर्यंत नेलं आणि पाण्यावर सोडलं. लाटेनं त्याला आईपाशी पोचवलं. बुवा गातच राहिले. पाखरं खडकाआड गेल्यावरही गातच राहिले.

मग वॉफल झाली, कॉफी झाली. बुवांनी वॉफल चार खाल्ली, कारण परतीचा रस्ता दारातूनच होता. बोट निघताना योस्टाइननं भोंगा वाजवला, चांगला लांबलचक.

"मावशी, हावर्डला काही सांगायचंय?"

आसलाउग पायरीखालच्या घरट्यातली पिसं गोळा करत होती. पुढच्या वर्षी मादीला ओळखीची खूण पटावी म्हणून थोडी मागे ठेवत होती.

"त्याला म्हणावं, खोली भाड्यानं दे."

संध्याकाळी मी पेटीचा खिळा ठोकायला हातोडा घेऊन निघाले. आसलाउगच्या अंगणात दोरीवर निळा स्वेटर वाळत होता. ती पेटीकोटावर दारात बसून आपल्याच हाताचा वास घेत होती.

"साबणाचा येतोय," ती म्हणाली. "कसंतरीच वाटतंय बाई."